एक जूनच्या दोघी

मी ‘व्यक्ती’ लिहून पुरी केली तेव्हा दोन दिवस माझे पाय जमिनीला लागत नव्हते. आधीच सांगते, ‘व्यक्ती’ ही कथा नाही आणि कादंबरीही नाही. मी सॉफ्टवेअर लिहिते. आमचं घर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या बाजूला. आठवड्यातले चार दिवस मी पडवीत बसून काम करते आणि एक दिवस ठाण्याच्या ऑफिसात तोंड दाखवून येते. तोवर दुसऱ्यांच्या चुका निस्तरणं एवढंच माझ्या वाट्याला यायचं. त्या वर्षी पहिल्यांदा साहेब म्हणाले, माणसांची माहिती ठेवणारी एक लायब्ररी हवी आहे, तू लिही. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. एकदा नीट लिहून ठेवलेला कोड बाकीचे प्रोग्रामर आपापल्या कामात जोडून घेतात, त्याला आम्ही लायब्ररी म्हणतो. म्हणजे माणूस मी लिहिणार आणि वापरणार सगळे. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

त्यात मुख्य असतो तो क्लास. क्लास म्हणजे छापलेला कोरा फॉर्म समजा, आणि त्यात एकेका माणसाची माहिती भरली की झाला ऑब्जेक्ट. माझ्या फॉर्ममध्ये सहा रकाने होते: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, जन्मतारीख, गाव आणि मोबाइल नंबर. मग मी माझी खास हुशारी दाखवली. सहाच्या सहा रकाने जुळले तर माणूस तोच. नवा ऑब्जेक्ट करायचा नाही, जुनाच हातात द्यायचा. एका माणसाची दोनदा नोंद होणं ही अशा कामातली कायमची डोकेदुखी असते, ती मी पाच ओळींत मिटवली. ते नीट चालतं का हे बघणारी चाचणीही लिहिली. चाचणी पास झाली की पडद्यावर हिरवी खूण उमटते. ती दाखवायला मी आईला चुलीपुढून उठवून आणलं.

आईने डोळे बारीक केले आणि म्हणाली, “मला काय दिसतंय गो तिथं? तूच बघ.” तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

आता योग बघा. माझी लायब्ररी ज्या कामात पहिल्यांदा वापरली गेली, ते काम मुरबाडच्या एका मंडळाच्या मोतीबिंदू शिबिराचंच होतं. ओळखीसाठी आधार कार्ड बघायचं आणि परत द्यायचं, त्याचा नंबर टिपून ठेवायचा नाही, असा त्या मंडळाचा नियम होता, आणि मला तो मनापासून पटला होता. पहिली फेरी गणपती झाल्यावर निघाली. आईचे दोन्ही डोळे मशीनवर मोजले गेले, कारण आत बसवायच्या भिंगाचा नंबर प्रत्येक डोळ्याचा वेगळा असतो. तो कागदावर येतो आणि हॉस्पिटलात त्याच नंबरचं भिंग बसवतात. आईचा उजवा डोळा झाला. डावा पुढच्या वर्षी बघू, असं तिने ठरवलं. ती तांदळातले खडे पुन्हा स्वतः निवडू लागली आणि मी ऑफिसात चार दिवस फुशारक्या मारल्या.

आईचं बघून आमच्या काकीने उचल खाल्ली. काकी म्हणजे आईची चुलत जाऊ. तिचं माहेर शहापूरकडचं, सापगावचं, आणि तिथूनच ती शिवण शिकून आली होती. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तीच शिवते. पण डावा डोळा जवळजवळ गेलेला आणि उजवा त्याच वाटेवर, त्यामुळे त्या वर्षी तिने दिवाळीची कापडं पहिल्यांदाच परत केली होती. “मशीन बंद पडली ना, तर मी दिवसभर करू काय गो?” असं ती मला म्हणाली होती. हसत म्हणाली, पण मला तिच्याकडे बघवलं नाही. मी त्याच दुपारी लॅपटॉप उघडून दुसऱ्या फेरीसाठी तिचा फॉर्म भरून टाकला. तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता म्हणून मोबाइलच्या रकान्यात माझाच नंबर घातला. आईच्या फॉर्ममध्येही मी तेच केलं होतं.

भात झोडून झाल्यावर दुसरी फेरी आली. काकी नवं लुगडं नेसून, नाश्त्याला म्हणून दशमी बांधून घेऊन निघाली. आम्ही जीपने मुरबाडला पोचलो. शिबिर एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. दारात गाडी उभी होती, ती अकराला बायकांना घेऊन हॉस्पिटलात जाणार होती. टेबलाशी एक निवृत्त गुरुजी बसले होते. माझाच क्लास वापरून केलेला तक्ता त्यांच्या पडद्यावर होता आणि मी काकीला कोपराने ढोसून सांगत होते की हे मी केलंय.

गुरुजींनी नाव घातलं, पडद्याकडे पाहिलं आणि चष्मा वर केला. “बाई, तुमचं ऑपरेशन झालेलं आहे.”

“झालंय?” काकी म्हणाली. “मंग मला दिसत का नाय?”

“उजवा डोळा झालाय. गणपतीनंतर.”

“कुनाचा?”

मागच्या बायका हसायला लागल्या. मला मात्र काय झालं ते एका क्षणात कळलं. काकीचा ऑब्जेक्ट कधी तयारच झाला नव्हता. आईचे आणि तिचे सहाही रकाने एकच होते. दोघींचे नवरे चुलत भाऊ. दोघांनाही आजोबांचंच नाव ठेवलेलं. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, तेव्हा त्या दोघांनी, दोन वर्षांच्या अंतराने, एकाच देवीचं नाव लिहिलं. गाव एक, आडनाव एक, फोन माझा. राहिली जन्मतारीख. ती दोघींचीही एक जून, आणि वर्षही तेच. “एक जूनच कशी?” मी मोठ्याने म्हणून गेले.

“एक जून काय विचारता,” गुरुजी म्हणाले. “पोराची तारीख घरच्यांना ठाऊक नसली की आम्हीच लिहायचो एक जून. शाळा जूनमध्ये उघडायची ना. माझ्या हातून शेकडो जन्मले असतील.” हे सांगताना ते मोठे खुशीत होते.

मग त्यांनी तक्ता खाली सरकवला आणि त्यांचा चेहरा उजळला. “अहो, अडचणच नाही. डावा डोळा बाकी आहे, त्याचा नंबरही मोजून ठेवलेला आहे. बाई, आज डावाच करायचा आहे ना?”

“डावाच,” काकी म्हणाली.

“मग बसा गाडीत. नाव तेच, गाव तेच. याच कागदावर होऊन जाईल.”

खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. माझी चूक कुणाला कळलीही नाही आणि काकीचं कामही अडलं नाही, याहून काय पाहिजे? कागद प्रिंटरमधून बाहेर आला. काकीने तो घडी करून कमरेला खोचला आणि ती गाडीकडे चालायला लागली. तिने गाडीच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मोजलेला नंबर. गणपतीनंतर काकी इथे आलीच नव्हती. त्या कागदावरचा डावा डोळा माझ्या आईचा होता.

मी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत धावले. “काकी, उतर. आधी उतर खाली.”

काकी भडकली. “येडी झालीस काय? येवढ्या मुश्किलीनं जागा भेटली.” ड्रायव्हर वैतागला. गुरुजी म्हणाले, तिथे पुन्हा तपासतील की. तपासतीलही, पण न तपासले तर? मी तिच्या कमरेचा कागद ओढून घेतला. ती सगळ्यांसमोर मला बोल बोल बोलली आणि मी ते ऐकून घेतलं. मला वीस मिनिटं द्या, एवढंच मी गुरुजींना सांगितलं.

त्यांच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर मी लॅपटॉप उघडला. पहिला विचार काय आला, तर सातवा रकाना घालावा. पण कशाचा? रक्तगट? तोही जुळला तर? उंची? माझी बोटं चालेनात. समोर काकी धुमसत बसली होती आणि शेजारच्या बाईला सांगत होती, “तिची आय ती वरची. मी खालची. सगळ्या गावाला ठावं हाय.” आमचं घर चढावर आणि तिचं ओढ्याकडे. गावात त्या दोघींना कुणी नावाने हाक मारतच नाही. आणि मला असा काही आनंद झाला की मी खुर्चीतून अर्धी उठलेच. रकाने कितीही जुळू देत ना. सगळं सारखं असूनही दोन माणसं दोनच असतात. ती दोन आहेत हे रकान्यांनी ठरवायचंच नाही.

मी त्या पाच ओळी उडवल्या. जो येईल त्याचा नवा ऑब्जेक्ट, आणि जन्मल्याबरोबर त्याला त्याची स्वतःची खूण. माहिती कुणाशी जुळली तर प्रोग्रामने परस्पर निकाल द्यायचा नाही, समोरच्या माणसाला विचारायचं, ‘ही तीच का?’ बदल करून चाचण्या लावल्या तर एक लालबुंद. तीच, माझी लाडकी, आईला चुलीपुढून उठवून दाखवलेली. माहिती सारखी तर माणूस एक, असं तिचं म्हणणं. मी ती पुसून टाकली आणि नवा कोड वर चढवला. गुरुजींनी काकीचं नाव पुन्हा घातलं. पडद्यावर प्रश्न आला आणि त्यांनी तो मोठ्याने वाचला, “ही तीच का?”

“नाय,” काकी म्हणाली. “किती येळा सांगू?”

मशीनवर तिचा डोळा मोजला गेला, नवा कागद निघाला. ड्रायव्हरने घड्याळ दाखवून दाखवून गाडी थांबवली होती. काकी बसली आणि माझ्याकडे न बघता गेली.

आठ दिवसांनी मी तिच्याकडे गेले. ती ओटीवर काळा चष्मा घालून बसली होती. मी लांबच टेकले. ओढून घेतलेला जुना कागद आणि तिच्या नव्या कागदाची प्रत मी सोबत नेली होती. तिचा नंबर वाचून दाखवला, मग आईचा. चांगला अडीचचा फरक होता.

“तिचा घातला असता तर?” तिने विचारलं.

“उजेड दिसला असता. सुई नसती दिसली.”

तेव्हा मला राहवलं नाही. तो घोळ करणारा प्रोग्राम माझाच होता, तू आणि आई एकच असं मीच लिहून ठेवलं होतं, हे सगळं मी सांगून टाकलं. काकी हसत सुटली. “आमी एकच? मंग त्या बांधापायी तीस वर्सं कोन कोनाशी भांडतंय गो?”

हसता हसता तिने चष्मा काढला, पदराने डोळ्याच्या कडेचं पाणी टिपलं आणि माझ्याकडे बघून थांबली.

“तू रडतेस कशाला?” ती म्हणाली.

मी ओटीच्या पार दुसऱ्या टोकाला, खांबाच्या सावलीत बसले होते.