गोटीरामचा पाटा

आमच्या ऐरोलीच्या शाळेचा शिपाई गोटीराम एका कानाने ठार बहिरा, आणि उरलेल्या कानाने फक्त स्वतःच्या सोयीचं ऐकणारा. शाळेत लागण्याआधी बारा वर्षं त्याने रबाळ्याच्या दगडखाणीत सुरुंग लावले होते. चहा सांगितला की ऐकू यायचं नाही, पण मी सातवीला ज्वालामुखी शिकवायला लागले की हा पठ्ठ्या झाडू घेऊन नेमका माझ्याच वर्गाच्या दाराशी.

शहाऐंशी साली मी हौसेने सिमेंटचा ज्वालामुखी केला. गुडघाभर उंच, टोकाला खळगा, अंगावर लाल रंगाचे ओघळ. मुलं खूश. गोटीराम मात्र म्हणाला, "बाई, आपला डोंगर असा नाय फुटला."

"भूगोल तुम्ही शिकवता की मी?" मी तडकलेच.

"तुमीच. पन आपल्या डोंगराला टोकावर भोक कुठं हाय? थरावर थर हायत. तुमी सांगता तो रस भेगांतून भायेर आला, पेज उतू जाते तसा पसरला, थिजला. मंग परत तसाच. दोन थरांच्या मधी लाल माती भाजलेली दिसते. थराच्या वरती बुडबुडं, पोटात घट्ट."

आता आली का पंचाईत! पुस्तकातही दख्खनबद्दल हेच छापलं होतं. शंकू करायला सोपा, म्हणून तो परिच्छेद मीच घाईत उरकला होता.

थराच्या पोटातल्या त्या घट्ट दगडापायी गोटीरामचा जीव टांगणीला लागला होता. धाकट्या लेकीचं, पुतळाचं लग्न ठरलं होतं. थोरलीला दिला तसा तिलाही आपल्या हाताने घडवलेला पाटा द्यायचा, हळद त्यावरच वाटायची, असा शब्द त्याने बायकोला, भागीरथीला, तिच्या शेवटच्या दुखण्यात दिला होता. आणि वस्ती जवळ आली म्हणून खाण बंद व्हायची होती. शाळा सुटली की गोटीराम खाणीत. जावई त्याने अर्ध्या तासात पसंत केला, पण दगड तीन आठवडे पसंत पडेना. हा भोकांचा, तर तो चिरेचा. निवडता निवडता फाटकाला कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याने न सांगता सगळ्यांना चहा दिला. तेव्हा मला खरंच काळजी वाटली.

हळदीला गेले, तर बायका नव्या कोऱ्या पाट्यावर हळद वाटत होत्या. काळाभोर दगड, एक भोक नाही. "कुठून आणलात?" मी विचारलं. त्याने दाराकडे बोट केलं. दाराची पायरी जागेवर नव्हती. घर बांधताना त्यानेच ती खाणीतून आणून बसवली होती, आणि भागीरथी रोज तिच्यावर बसून मासळी साफ करायची.

"तिची जागा लेकीसंगं जाऊ दे," तो म्हणाला.

पाहुणे मात्र उडी मारून उंबरा चढत होते. मी म्हटलं, "लेक माहेरी येईल ती अशीच उडी मारून का?"

"तेच इचारनार व्हतो. तुमचा डोंगर द्या."

दिला. त्याने छिन्नी-हातोड्याने माझ्या ज्वालामुखीचं टोक उडवलं, माथा सपाट केला आणि दारात बसवला. "आता दिसतो आपल्या डोंगरावानी," वर हेही ऐकवलं.

लग्नानंतर पुतळा पहिल्यांदा आली तेव्हा मी तिथेच होते. ती आत गेलीच नाही. पिशवीतली मासळी काढून त्या पायरीवर बसली आणि साफ करायला लागली. लेकीकडे बघत उभ्या गोटीरामला मी हाक मारली. चांगल्या कानाच्या बाजूने मारली, तरी त्याला ऐकू आली नाही.