विहारातलं कार्पेट

यशवंतदादा कुणाच्याही घरात शिरले की आधी चपला काढत आणि उजव्या पायाचा तळवा जमिनीवरून हळूच फिरवत. माणसांकडे नंतर बघत. माझ्या लग्नाच्या बोलणीला ते आमच्या बाजूने आले होते. सासऱ्यांशी त्यांचं पहिलं वाक्य होतं, "पावणे, ह्या कोपऱ्यातली लादी खाली बसलीय तुमची." लादी खरंच खचली होती की नाही, देव जाणे. पण सासरे त्या दुपारी दोनदा त्या कोपऱ्यात वाकून बघून आले, एवढं मी पाहिलं.

दादा कार्पेट घालायचे. तरुणपणी मुंबईत एका ठेकेदाराकडे शिकले आणि लग्नानंतर रत्नागिरीला परत आले. हॉटेलांचे हॉल, बँका, डॉक्टरांच्या खोल्या, जिथे म्हणून जमीन झाकायची असेल तिथे त्यांना बोलावणं यायचं. कॉलेज अर्धवट सोडून मी त्यांच्या हाताखाली लागलो, आणि त्यांनीच घडवलेला माणूस झालो. कार्पेट चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडला की बंद खोलीत डोकं गरगरायचं. मग ते खिशातून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवत. "खा. गुळाने काय होत नाय, पण तेवढा वेळ तू बाहेर तरी जाशील." कापताना मी भिंतीला पट्टी लावली की ओरडत, "भिंतीचं ऐकू नको रे! भिंत गवंड्याने बांधलीय, तो जेवायच्या घाईत होता. दोरी मार, दोरीचं ऐक."

एकदा एका बँकेत आमचं काम अजून चालूच होतं, तेवढ्यात मॅनेजर तरातरा चालत आले. दादा गुडघ्यांवरच होते. मान वर न करता म्हणाले, "सायेब, तितंच ऱ्हावा. सोल्युशन वलं हाय. पुढे आलात तर बूट इथे ऱ्हातील नि तुमी मोज्यांवर घरी जाल." साहेब एक पाय वर धरून थांबले. दादांनी शेजारचा तुकडा शांतपणे बसवला, तळहाताने कार्पेटची लव दाराच्या दिशेने सारखी केली आणि मग म्हणाले, "आता ठेवा पाय."

आमच्या धंद्यात सगळ्यात आधी गुडघे झिजतात. दादांचे पन्नाशीतच गेले. उठताना ते माझा खांदा धरत आणि वर, "खांदा लय हाडकुळा हाय तुजा, बायको जेवायला घालत नाय काय?" असं मलाच ऐकवत. पुढे स्वतःचं दुकान काढून कामं मी घ्यायला लागलो आणि दादा माझ्याकडे येऊ लागले. मी त्यांना दुकानात बसवून गिऱ्हाइकांना नमुने दाखवायचं काम दिलं. "मला काचेच्या कपाटात ठेव," ते म्हणाले, "वर किंमत लाव." मी हसलो होतो.

त्यांचं गाव संगमेश्वराच्या आतल्या अंगाला. बौद्धवाडीत लोकांनी विहार बांधला होता आणि मुंबईच्या मंडळींनी वर्गणी काढून त्याच्यासाठी कार्पेट घेतलं. लाल रंगाचं, जाड, चांगलं. बुद्धपौर्णिमेच्या आधी ते घालायचं होतं. दादा दुकानात येऊन मला म्हणाले, "अनंता, हे मी घालणार. एकट्याने. तू सोल्युशनला हात लावायचा नायस. तू येऊन नुसता चहा पी."

डॉक्टरांनी त्यांना गुडघे टेकायला मनाई केली होती. मी मान डोलावली आणि मनात ठरवलं की हे होऊ द्यायचं नाही. ते रविवारी जाणार होते. मी शनिवारीच गाडीत हत्यारं टाकून गेलो, वाडीतल्या दोघांना हाताशी घेतलं आणि संध्याकाळपर्यंत कार्पेट घालून मोकळा झालो. त्यांचे गुडघे वाचवायला गेलो, हे खरं आहे. पण ते कौतुक करतील, वाडीतले लोक नाव घेतील, हेही मला हवं होतं. दादांना मी एका शब्दाने विचारलं नाही.

रविवारी ते पहिल्या एसटीने आले. धुतलेला पांढरा सदरा, काखेत हत्यारांची पिशवी. दारात थांबून त्यांनी आत पाहिलं. वाडीतले लोक माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते, "ह्यांनी कालच घातलान. तुमाला तरास नको म्हणून."

"आत या ना दादा," मी म्हणालो.

"हितून दिसतंय." ते पायरीवर बसले. "कड चांगली मारलीस."

एवढंच. मला वाटलं होतं निदान शिव्या तरी देतील. कुणीतरी चहा आणला, तो त्यांनी पिऊन कप विसळून ठेवला आणि परतीच्या एसटीला निघाले. हातातली पिशवी मी घेऊ लागलो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जड नाय."

पुढे काही आठवड्यांनी मी त्यांना गाठलं. "दादा, विहारात मूर्तीच्या उजवीकडचा कोपरा उचलतोय. तुम्हीच जाऊन बसवायला हवा."

"खोटं बोलू नको, अनंता. तुजा हात मी शिकवलाय. तो कोपरा उचलणार नाय."

त्यानंतर ते दुकानात येत राहिले, नमुने दाखवत राहिले, माझ्या पोरांची चौकशी करत राहिले. विहाराचा विषय त्यांनी काढला नाही आणि माझी हिंमत झाली नाही. माफी मागायला शब्द लागतात, ते मी रोज उद्यावर ढकलले. मागच्या हिवाळ्यात झोपेतच त्यांचं हृदय थांबलं.

त्यांच्या मागे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्याच विहारात झाला. लोक पांगल्यावर दादांच्या पत्नी, सुमनवहिनी, एकट्याच कार्पेटवर बसून होत्या. मी शेजारी बसलो. त्या शनिवारचं सांगायचं ते मी सांगू लागलो, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"भावजी, जलमभर ह्यांनी लोकांची हाटेलं, हाफिसं सजवली. मी त्यातलं एक बघितलं नाय. आमाला कोण आत घेणार? त्या रविवारी निघताना म्हणाले, तू दुपारच्या गाडीने ये. तवर घालून होईल. कुणाला पाय ठेवू देत नाय, पयली तू बसायचीस."

"मग तुम्ही आला नाहीत," मी म्हणालो.

"मी निघालेच होते. हे परत आले आनि म्हणाले, ऱ्हाऊ दे, लोक बसले त्याच्यावर." वहिनींनी पदराने तोंड पुसलं. "मी तरी इचारायचं होतं, का म्हणून. नाय इचारलं."

मग त्या उठायला लागल्या. त्यांचेही गुडघे धरलेले. मी खांदा पुढे केला, पण त्यांनी तो धरला नाही. जमिनीला हात टेकून, सावकाश, त्या आपल्या आपण उठल्या.