गालावरचा हात

कानाच्या ऑपरेशनची हत्यारं मुठीत धरायला जाड आणि टोकाला दोऱ्याएवढी बारीक असतात. डॉक्टर मायक्रोस्कोपवरून डोळे काढत नाहीत, नुसता हात पुढं करतात. टोक उलट्या बाजूला करून दिलं की झालं कल्याण! कोल्हापुरातल्या आमच्या लहानशा दवाखान्यात नर्स म्हणून हे काम माझ्याकडं. उजव्या हातानं हत्यार द्यायचं, डावा हात कापडाखालून पेशंटच्या गालावर ठेवायचा. चेहरा हलवणारी नस कानातूनच जाते. तिला धक्का लागला की गाल फडफडतो, आणि मी सांगायचं. मोठ्या हॉस्पिटलात त्यासाठी मशीन असतं म्हणे.

हातकणंगल्याकडच्या एक मावशी आल्या होत्या. कान वर्षानुवर्षं वाहत होता, आतलं हाड कुजत चाललं होतं. वास असा, की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून लांब बसली. अस्सा राग आला मला त्यांचा! मावशींना त्याचं काही नव्हतं. वासापायी सून तान्ह्या नातवाला त्यांच्याजवळ देत नव्हती, तेवढंच मनाला लागलं होतं. तोंड वाकडं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी नीट सांगितलं. होऊ दे, पण वास तेवढा घालवा, म्हणाल्या.

ऑपरेशन नुसता कान बधिर करून. मावशी जाग्याच, आणि नातवाचं कौतुक काही संपेना. बोललं की गाल हलतो, मला कळायचं कसं? दटावलं तेव्हा गप्प झाल्या. डॉक्टर बाकदार टोकानं आतली घाण सोडवत होते, तेवढ्यात माझ्या बोटांखाली गाल फडफडला.

"थांबा."

डॉक्टर थांबले. नसेवरचं हाड कधीच खाल्लं गेलं होतं, घाण थेट नसेला चिकटलेली. ठेवावी तर पुढं मेंदूपर्यंत जाणार. शेवटी हळूहळू काढली. संध्याकाळी मावशींचा त्या बाजूचा डोळा मिटेना. बधिर करायच्या इंजेक्शनचा असर असेल, उतरेल, असं आम्ही म्हणत राहिलो. उतरला नाही. चूक कुणाचीच नव्हती, म्हणून तर जास्त संताप होतो. भांडायचं कुणाशी?

काही महिन्यांनी तपासणीला आल्या. कान कोरडा ठणठणीत, वासाचं नाव नाही. मला बरं वाटलं. नातू आता मिळतो की नाही, म्हणून विचारलं. अर्धंच तोंड हसलं.

"सून देती की आता. पर पोरगं माझं तोंड बघून किंचाळतंय. पदर तोंडावर वडून घेतला, की मग बसतंय मांडीवर."