टेबलामागे बघणारे जॉइंटरकाका

जॉइंटरकाका कुणाच्याही घरात शिरले की आधी माणसांकडे बघत नसत, टेबलाच्या मागे बघत. तिथे वायरींचा गुंता दिसला की जेवताना घासात केस यावा तसा त्यांचा चेहरा व्हायचा. नाक आक्रसायचं, खालचा ओठ पुढे यायचा आणि अगदी हळू आवाजात ‘शी’ निघायची. त्यात राग नसायचा, नुसती किळस असायची. घरमालकाला मात्र ती शिवीपेक्षा जास्त लागायची.

त्यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात जमिनीखालच्या केबली जोडण्यात गेली, म्हणून आमच्या अलिबागेत ते जॉइंटर. खड्ड्यात मांडी घालून शेकडो बारीक तारा रंगाला रंग लावून जुळवायच्या. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. निवृत्त झाले तोवर घराघरात कॉम्प्युटर, राऊटर, प्रिंटर, इन्व्हर्टर येऊन पडले होते आणि त्यांच्यामागचा पसारा निस्तरायला लोक काकांना बोलवू लागले.

मीही बोलावलं. माझं ऑफिस घरूनच चालायचं आणि त्या आठवड्यात नेट सारखं तुटत होतं. काकांनी टेबल पुढे ओढलं. खाऱ्या दमट हवेने धूळ वायरींवर चिकटून तिची काळी साय झाली होती. जुन्या चिकटपट्टीचा डिंक पाझरून त्यात झुरळांच्या लेंड्या अडकल्या होत्या. प्लगच्या पितळी पिनांवर हिरवट गंज होता. मोडेमखाली एक पाल केव्हाची वाळून सपाट झाली होती. मी रोज आठ तास या सगळ्यावर पाय ठेवून बसत होते.

काकांनी वर्तमानपत्राचा कागद हातात घेऊन पाल उचलली. मग एकेक वायर टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपत गेले. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. “वायरीला दोन टोकं असतात ताई. दोन्ही ठाव नसतील तर हात लावायचा न्हाय.” चार वायरींचं दुसरं टोक कशातच नव्हतं. त्या त्यांनी मेलेल्या सापासारख्या अंगणात नेऊन टाकल्या. उरलेल्या ओल्या फडक्याने पुसल्या, विजेच्या एकीकडे, नेटच्या दुसरीकडे अशा वेगळ्या केल्या, सुती दोऱ्याने बांधल्या आणि जमिनीपासून वीतभर वर टेबलाच्या पायांना लावल्या. काम संपेपर्यंत चहाला ते शिवले नाहीत. या हातांनी कप धरवत नाही, म्हणाले.

झाकपाक त्यांना सहन व्हायची नाही. किनाऱ्याकडच्या एका बंगल्यात मोठा टीव्ही आणि स्पीकर लावले होते. भिंतीवरच्या लाकडी फळीमागे नुसत्या पिळून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या तारा निघाल्या. मालक म्हणाले, पाहुणे येणार आहेत, तूर्त फळी बसवून द्या. काकांनी पक्कड पिशवीत टाकली आणि चालते झाले. पुढे मला सांगताना म्हणाले, ओकारीवर कुणी रुमाल टाकतं का?

पण ते मला खरे कळले ते त्याच दिवशी, माझं टेबल आवरून झाल्यावर. हात धुवायला जाताना ते आईच्या खोलीच्या दारात थबकले. आईची फुप्फुसं थकली होती. प्राणवायूचं मशीन दिवसरात्र चालू असायचं, वीज गेली तर म्हणून शेजारी सिलिंडर. काका दोनदा हवा हुंगून आत गेले. मी ऑफिसच्या मीटिंगला बसले होते. त्यांनी दारातून मला विचारलं, सिलिंडर भरलेला आहे का. मी मान डोलावली आणि दहा मिनिटं थांबा अशी खूण केली. ते थांबले नाहीत. आईला सिलिंडरची नळी लावून घ्या, मी मेन बंद करतोय, असं त्यांनी आईची देखभाल करणाऱ्या बाईंना सांगितलं आणि राऊटर बंद पडून माझी मीटिंग तुटली.

मी तणतणत खोलीत गेले. काकांनी आईचं कपाट सरकवलं होतं. मशीनची वायर कपाटामागच्या एका जुन्या एक्स्टेंशन बोर्डात होती. बोर्ड तपकिरी होऊन वितळला होता आणि त्याचं प्लास्टिक पडद्याच्या टोकाला चिकटलं होतं. जळक्या माशासारखा वास येत होता. तो आठवडाभर येत होता आणि कोळणीची टोपली गेली असेल असं मी समजत होते.

काका बोर्डाकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं, आणि चेहरा तोच, टेबलामागे बघतानाचा.

“लॅपटॉपला नवा बोर्ड आणलात ताई,” ते म्हणाले, “आणि आईला हा?”

 माझ्या टेबलाचा जुना बोर्ड मीच आईच्या खोलीत नेऊन लावला होता. पंख्यापुरता आहे म्हणून. मशीन नंतर आलं.

त्या दुपारी त्यांनी आईच्या उशाशी भिंतीत वेगळा जाड सॉकेट बसवला. आईने त्यांना खुणेनेच बसायला सांगितलं आणि दोघं बराच वेळ थळच्या जुन्या आंब्यांविषयी बोलत राहिली. आई त्यानंतर तीन वर्षं जगली. आपल्या आजाराने गेली, माझ्या आळसाने नाही, हे मी त्या माणसाचं देणं लागते.

काका पुढे मुलीकडे उरणला गेले आणि तिथेच वारले. मला महिन्याने कळलं.

परवा रेवसला मामांना भेटायला गेले होते. मामा आता अंथरुणाला खिळलेत. त्यांच्या पायाशी नवा टीव्ही होता, त्याच्या वायरी पट्टीत छान बसवलेल्या. सगळी टीव्हीचं कौतुक करत होती. मी हातातली बशी खाली ठेवली आणि मामांच्या हवेच्या गादीची वायर जात होती त्या पलंगाखाली वाकले. मामेबहीण म्हणाली, अगं, तिथे घाण आहे, कपडे खराब होतील.

“होऊ देत,” मी म्हटलं. “आधी मेन बंद कर.”