हरिभाऊंचा तंबू आणि माझ्या नळ्या

हरिभाऊ बबिन्याच्या छावणीत तंबू शिवायचे. निवृत्त झाल्यावर झाशीत खंडेराव गेटजवळ, आमच्या शेजारीच राहायला आले. एक्काहत्तरच्या लढाईनंतरची गोष्ट. लष्कराच्या लिलावात आम्ही दोघांनी अगदी एकसारख्या गाड्या घेतल्या. जीपमागे जोडायची दोन चाकांची पेटी. झाकण उघडून नळ्या वर ओढल्या की कॅनव्हासचा तंबू उभा.

आमच्या मराठी घरांतल्या बायका संक्रांतीचं हळदीकुंकू बेतवाकाठी करायच्या. ज्याचा तंबू तिथे उघडेल, त्याच्या घरच्या बाईचा त्या दिवशी मान. माझ्या कापडाला बुरशी लागलेली, त्यामुळे सहा वर्षं मान हरिभाऊंच्या घरच्या सरलावहिनींचा. आमची विमला दरवर्षी त्यांच्याकडून वाण घ्यायची आणि घरी येऊन भांडी जरा जोरातच ठेवायची.

हरिभाऊ दर रविवारी, कुठे जायचं नसलं तरी, तंबू अंगणात उघडत. घडीवरून अंगठा फिरवत. आत शिरून उन्हाकडे बघत. कापडातून चांदणी चमकली की तिथे खडूची खूण, मग टाका. ओला तंबू मिटायचा नाही. मिटावाच लागला, तर दुसऱ्या दिवशी वाळवायचा. मी गच्चीवरून बघायचो आणि जळायचो. मला वाटे, या माणसाकडे काहीतरी गुपित आहे. एका रविवारी ते दिसलंच. डब्यातलं पिवळं काहीतरी फडक्याने कापडाला चोळत होते.

झाशीत पिवळं चोळायचं म्हणजे सरसोंचं, आपलं मोहरीचं तेल. इथे ते बाळाला, लाठीला, दाराच्या बिजागरीला, सगळ्याला लावतात. मी कशाला विचारतोय.

खाली उतरून विमलाला सांगून टाकलं, "यंदा हळदीकुंकू आपल्या तंबूत." तिने त्याच आठवड्यात घरोघरी आमंत्रणं दिली. मी बुरशी घासून काढली, कापडाला दोन किलो तेल पाजलं आणि गाडी मिटून ठेवली. संक्रांतीला दोन दिवस असताना उघडली, तर उंदरांनी कापड घडीघडीला कुरतडलेलं.

विमला म्हणाली, "अहो, हरिभाऊजींना बोलवा. नाहीतर सगळ्यांना तोंड तुम्ही दाखवा, मी चालले गरौठ्याला भावाकडे."

हरिभाऊ आले. कापड हुंगलं.

"केशवराव, तळायचं होतं का हे?"

"मग तुम्ही काय लावत होता?"

"मेण. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेलं. विचारायचं तरी, भैया."

सहा वर्षं ज्याच्यावर जळतोय, त्याला विचारायचं कसं, हे त्यांना काय सांगू?

ते वाकून माझ्या नळ्या बघत होते. एक वर ओढली, खाली केली. जरासुद्धा खडखड नाही.

"कोऱ्या आहेत हो. तुम्ही उघडताच कुठे?" मग थोडे लाजले. "माझ्या दर रविवारी उघडून झिजल्या. दोन तर तारेने बांधल्यात. तुमच्या या सांगाड्यावर माझा कधीचा डोळा आहे."

म्हणजे तेही जळत होते. मला इतकं बरं वाटलं की चहा मीच केला.

दोन दिवस खपून त्यांचं कापड आम्ही माझ्या सांगाड्यावर चढवलं. संक्रांतीला बेतवाकाठी तंबूच्या दारात दोघी शेजारी शेजारी बसल्या. हळद विमलाने लावली, कुंकू सरलावहिनींनी. दिवस छान गेला. फक्त निघताना एकूणएक बाई म्हणाली, "हरिभाऊंचा तंबू यंदा काय ताठ उभा राहिला."

ताठ उभा राहिला तो नळ्यांमुळे. आज नातवंडांनाही मी हे सांगतो.