बिनबियांच्या द्राक्षातली बी

स्टेनोस्पर्मोकार्पी हा शब्द कॉलेजातली माझी मुलं पाठ करायची आणि परीक्षेत त्याची पार वाट लावायची. मी त्यांना बोलत नसे. वर्गात उच्चारताना माझीच बोबडी वळायची. शब्द ग्रीकमधून आलेला. स्टेनोस म्हणजे अरुंद, स्पर्मा म्हणजे बी, कार्पोस म्हणजे फळ. केळ्यात फलन होतच नाही, म्हणून बी नसते. आपल्या बिनबियांच्या द्राक्षात ते होतं, बी धरते, आणि काही आठवड्यांत आपोआप थांबते. फळ मात्र वाढत राहतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, एका जानेवारीत माझा गर्भ अडीच महिन्यांवर पडला. त्याआधी नाताळच्या सुट्टीत ओझरपलीकडच्या सासरच्या मळ्यात द्राक्षाचे घड मणी फुगवायच्या औषधात बुडवायला मी हौसेनं बसले होते. आणि आमच्याकडच्या मळेवाल्यांची पक्की समजूत अशी, की त्या औषधानंच द्राक्षातली बी मरते.

सासूबाई शहरात आमच्या इंदिरानगरच्या घरी आल्या, तुपातला शिरा करून घातला आणि म्हणाल्या, औषधात हात घालायला नको होता. मला राग यायला हवा होता. आला नाही. रडूही येत नव्हतं. नवरा अंबडच्या कारखान्यात शिफ्टला जायचा, मी कॉलेजला. ते औषध फक्त मणी फुगवतं हे मीच मुलांना शिकवत होते, तरी भांडी घासून झाली की हात हुंगून बघायचे.

मार्चमध्ये माल निघाला. मळ्यात वेलींच्या मांडवाखाली सासूबाई आणि मी कात्रीनं घडातले खराब मणी काढत होतो. मी एक मणी नखानं उभा चिरला आणि आतले दोन मऊ, फिकट ठिपके त्यांना दाखवले. म्हटलं, ही बी. धरली होती, मग थांबली. औषध न लावलेल्या घडातही अशीच थांबते.

त्यांनी तो मणी तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला.

"म्हणजे औषधानं नाय?"

"नाही."

त्यांनी कात्री खाली ठेवली.

"माझीबी दोन थांबली. तुझ्या नवऱ्याच्या आधी. तवा आमच्याकडं नुसती बाजरी न् कांदा. औषध कुठलं?" मग म्हणाल्या, "मी इहिरीचं पाणी ओढलं म्हणून सासूनं मला बोल लावला. मी आजवर ते खरं धरून होते."