साहेबांचा वाढदिवस आणि ह्यांचा घास

लातूरच्या डॉक्टरांनी ह्यांना चमचाभर पाणी पाजलं, ठसका ऐकला आणि मला सांगितलं, "डिस्फेजिया आहे. म्हणजे गिळायची ताकद गेलीय. तोंडाने काहीही द्यायचं नाही. घास श्वासनळीत गेला तर जिवावर बेतेल."

लकव्याने ह्यांची उजवी बाजू आधीच गेली होती. आता पोटात अन्न सोडायला नाकात नळी आली. मला एकटीला ते सगळं जमेना, म्हणून अहमदपूरजवळच्या एका सेवा केंद्रात ह्यांना ठेवलं. पुढे रसवंती, मागे सोयाबीनचं रान, आत मोजक्या खाटा आणि भिंतीवर देवांपेक्षा पुढाऱ्यांचे फोटो जास्त.

तिथे चादर बदलायला माणूस मिळत नसे. पण कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस आला की फळवाटप ठरलेलं. त्या दिवशी सगळ्या रुग्णांना आंघोळ, पावडर, नव्या चादरी. फोटो निघाले की चादरी परत कपाटात.

अशाच एका वाढदिवशी मी औषधं घेऊन आत आले. ज्यांचा वाढदिवस होता ते कडक इस्त्रीतले साहेब कॅमेऱ्याकडे बघत ह्यांना केळं भरवत होते. ह्यांच्याकडे बघायला त्यांना सवड नव्हती. ह्यांचे ओठ निळे पडले होते. मी साहेबांना बाजूला ढकललं आणि ह्यांच्या तोंडात बोटं घालून केळं बाहेर काढलं.

केंद्राचे संचालक उलट मलाच म्हणाले, "वहिनी, साहेब सोताच्या हातानं भरवायले होते. न्हाई कसं म्हनावं?"

नाकातली नळी त्यांना दिसत होती. साहेब जास्त दिसत होते.

पुन्हा लातूर. अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया, म्हणजे अन्न फुफ्फुसात जाऊन होणारा संसर्ग. आयसीयूबाहेर बसले असताना कुणीतरी पेपर दाखवला. केळं भरवतानाच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'रुग्णांच्या चेहऱ्यावर फुलले हसू'. ह्यांचं तोंड उघडं होतं ते श्वासासाठी. त्या पेपरावर थुंकावंसं वाटलं.

ह्यांचा जीव वाचला तो डॉक्टरांमुळे आणि गिळायचे व्यायाम घेणाऱ्या मॅडममुळे. त्या दोघांची मी जन्माची ऋणी आहे, सेवा केंद्राची बिलकुल नाही. तुमचं माणूस अशा ठिकाणी असेल तर भीड ठेवू नका. कुणीही मोठा माणूस फळं घेऊन आला तरी खाटेपुढे आडवे उभे राहा. माझी भीड तर कायमची गेली, आणि बरं झालं.

नळी निघाल्यावर घरी मी घट्ट पेजेचा चमचा भरवला. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे हनुवटी छातीला टेकवून ह्यांनी तो गिळला. ठसका लागला नाही. मला रडू आवरेना. मग जड जिभेनं ह्यांनी विचारलं, "त्या दिशी केळं चारलं, त्यो कोन होता?"

मी साहेबांचं नाव सांगितलं.

"वळखत न्हाई," म्हणाले, आणि पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.